एक पान जास्त

सात महिने आम्ही दोघं गावोगाव फिरतोय, पण आमच्या शिंपीबुवांना कशाची म्हणून घाई नाही. शिंपीबुवा म्हणजे माझे यजमान. दुकान लेकावर टाकून निघाले तेव्हाच म्हणाले, "आता घड्याळ बघायचं नाही." यांचं काय जातंय बोलायला! मी चौतीस वर्षं डेपोत बसगाड्या सोडल्या. पाच मिनिटं उशीर झाला तरी मी फलाटावर येरझाऱ्या घालायचे. नुसतं बसायचं म्हटलं की अजून जीव वरखाली होतो. म्हणून या भाड्याच्या खोलीत आल्या आल्या मी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर भिंतीला टांगलं. डेपोतही सकाळचं पान मीच फाडायचे.

इथे थांबलो ते ताईसाठी. माझी थोरली बहीण इथून तीन तासांवर राहते. नऊ वर्षं तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि मी रात्रीची गाडी सोडून मगच निघाले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताई दारातच म्हणाली, "सुटली ना तुझी गाडी वेळेवर?"

इथून मी तिला पत्र टाकलं. आमचा फोन बिघडलेला, आणि दुरुस्तीची यांना कसली घाई, म्हणून घरमालकिणीचा नंबर दिला. त्यावर ताईच्या लेकीचा निरोप आला, आई गुरुवारी अकराच्या गाडीने येतेय. मला दोन रात्री धड झोप नाही.

गुरुवारी मी दहालाच स्टँडवर. अकराची गाडी आली, माणसं उतरली, कंडक्टरही उतरला. ताई नाही.

घरी येऊन मी तडक बॅग काढली. "यायचं नव्हतं तर निरोप कशाला धाडला?"

हे पलंगावर बसून मालकिणीच्या पडद्याला हातशिलाई घालत होते. "अगं, फोन करून विचार की."

"मी विचारू? एवढं होऊनही मीच? चारच्या गाडीने निघायचं, बस्स!"

"एवढी कड झाली की निघू."

ती कड काही संपेना. दोरा तुटला, सुई हरवली, चष्मा पुसून झाला. चारची गाडी गेली. मी यांना नको नको ते बोलले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नऊ वर्षांचं सगळं त्या दिवशी बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराच्या गाडीसाठी सामानासकट स्टँडवर आलो. समोर अकराची गाडी लागली आणि तिच्यातून, काठी आधी टेकत, ताई उतरली. केस पार पांढरे.

मी ओरडलेच, "काल येणार होतीस ना तू!"

"काल कशाला? गुरुवार आज आहे."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी कान खाजवला. "सोमवारी तू अंघोळीला गेली होतीस. मला वाटलं, पान फाडायचं विसरलीस. म्हणून मी फाडलं."

म्हणजे मी फाडलेलंच होतं, वर यांनी आणखी एक फाडलं! सात महिन्यांत या माणसाने एकदाच घाई केली, ती ही. आणि काल तो पडदा वेळेत झाला असता तर?

ताईची नजर आमच्या बॅगांवर गेली. तिचा चेहरा पडला. "निघालात वाटतं. किती वाजता आहे तुझी गाडी?"

"आत्ता. सव्वाअकराला."

"मग हो पुढे. मी जाईन परतीच्या गाडीने."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. "ताई, तेव्हा मी थांबायला नको होतं गं डेपोत."

तिनं माझा हात घट्ट धरला. समोरून आमची गाडी सुटली. वेळेवर सुटली की उशिरा, मी पाहिलं नाही.