वाचनालयापर्यंतचा फुटपाथ

उल्काने अट साधी ठेवली होती. सर्जापूर रोडच्या फुटपाथवरून मी वाचनालयापर्यंत चालत जायचं, ती काही अंतर ठेवून मागून येणार. वाटेत एकदा जरी तिला माझा हात धरावा लागला, तर माझं फिरणं सोसायटीच्या आवारापुरतं आणि पुस्तकं ती निवडून आणेल ती. सून प्रेमळ आहे, पण ती आणते ती पुस्तकं यशस्वी माणसांच्या सवयींवरची असतात.

महिन्याभरात मी दोनदा पडलो होतो.

"नजर कमी झालीय माझी," मी म्हणालो.

"नजर ठणठणीत आहे, बाबा. तुम्ही दगडाला अडखळत नाही. समोरून कुणी आलं की 'या, या' म्हणत फुटपाथवरून खाली उतरता आणि मग पडता. परवा गायीलासुद्धा वाट दिलीत!"

"गाय मोठी होती."

निघालो. हलती फरशी आधी बुटाच्या टोकानं चाचपली, मगच वजन टाकलं. लोंबणाऱ्या केबलखालून वाकून गेलो. मागे उल्काच्या चपला शांत होत्या. पण जमेल असं मला काही वाटत नव्हतं.

पुढे फुटपाथ अरुंद झाला. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला भरधाव बस. आणि समोरून, फुटपाथवरूनच, हॉर्न देत एक स्कूटर. स्वाराच्या पाठीवर पार्सलची भलीमोठी पिशवी.

"अज्जा, स्वल्प जागा बिडी!"

जागा द्यायची म्हणजे रस्त्यावर उतरायचं. माझा पाय सवयीनं कडेला गेलाही. मागे उल्काच्या चपला एकदम घाईला आल्या. तिनं हात धरला, की संपलं.

मी पाय परत आत घेतला.

"इल्ला," मी त्याच्याच कन्नडमध्ये 'नाही' म्हणालो. मलाच ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा, जोरात, रस्त्याकडे हात करून, "इल्ला! रोड अल्लिदे!"

"अर्जंट, अज्जा!"

"मलाही," मी चक्क मराठीत सांगितलं.

माझ्यामागे भाजीची पिशवी घेऊन अडकलेली एक अक्का त्याच्यावर कन्नडमध्ये अशी बरसली, की शब्द कळले नाहीत तरी माझं समाधान झालं. स्वार पायांनी स्कूटर मागे ढकलू लागला. तो एक पाऊल मागे, मी एक पाऊल पुढे. माझ्यामागे अक्का, तिच्यामागे आणखी माणसं. एका फाटकाच्या उतारावरून तो रस्त्यावर उतरला, तेव्हा त्या अख्ख्या रांगेच्या पुढे मी होतो. मी! पुस्तकाच्या दुकानातही किंमत विचारायला लाजणारा.

वाचनालयाच्या पायरीशी उल्का म्हणाली, "केवढे घामाघूम झालात!"

"घाबरलो होतो गं."

"मागून अजिबात दिसलं नाही हो." ती हसली आणि तिनं रिक्षाला हात केला. "मी पळते, मीटिंग आहे."

"आणि मला घरी कोण नेणार?"

"तुम्हीच."

रिक्षा दिसेनाशी झाली. मी आत जाऊन कपाटांसमोरून सावकाश हिंडत राहिलो. कधी निघायचं ते मीच ठरवणार होतो.