मनुबाईची मांडणी

मनुबाईने कळशी पदराने पुसली, मांडणीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. मग पुढं होऊन ती अर्धी फिरवली, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दाराकडं आली. अक्षरं असलेलं भांडं कसं घरंदाज दिसतं! तांबे, पातेली, पेले, सगळ्यांची अक्षरं तिने सकाळपासून अशीच दाराकडं केली होती. त्यात काय लिहिलंय ते मात्र तिला विचारू नका. भांडी ती पोच्यावरून ओळखायची.

आणि यातलं एकही भांडं तिचं नव्हतं. तिचं पितळ नवऱ्याच्या, नाथाजीच्या दुखण्यात केव्हाच मोडीत गेलं होतं. ब्रह्मदेशच्या लढाईत उजवा हात ठेवून तो साताऱ्याला परतला आणि लाकडाच्या वखारीवर राखणीला लागला. राहायला वखारीचे मालक लालासाहेबांचा गोठा. म्हशी हलवल्या आणि ही दोघं आत आली, एवढाच काय तो फरक. पाडव्याला तोही खाली करा, असा परवाच निरोप आला होता.

गावातल्या चार भल्या माणसांनी मंडळ काढून माळावर पलटणीतल्या लोकांसाठी बारा घरं बांधली होती. फुकट नव्हे बरं का. नफा न घेता, जमेल तसं फेडायचं आणि घर आपल्या नावावर. अकरा घरं ठरली होती, एक उरलं होतं. त्याच्यासाठी नाथाजीने अर्ज केला होता, आणि मंडळाच्या चारुलताबाई आज त्यांचं राहतं घर बघायला येणार होत्या. घर बघायला येणार म्हटल्यावर गल्लीला दुसरं काय सुचणार? मुलीला बघायला पाहुणे यावेत तशी सगळी कामाला लागली आणि ज्याच्या घरात जे चकचकीत होतं ते मनुबाईच्या मांडणीवर येऊन बसलं.

अर्जातली एक ओळ तेवढी कोरी राहिली होती. भरवसा सांगणारे दोन शेजारी हवे होते. नाथाजी लालासाहेबांकडं गेला, तर ते हसले. म्हणाले, एका हातानं घर पेलणार व्हय रं? गल्लीतल्या अंगठेबहाद्दरांची नावं मंडळाला काय कामाची, असं नवराबायकोनं धरूनच चाललं होतं.

शेजारची साळूबाई काखेत परात घेऊन धापा टाकत आत आली. मांडणी बघून तिने कपाळावर हात मारला.

"मने, हे काय करून ठिवलंस गं!"

"का? झ्याक दिसतंय की."

"झ्याक दिसतंय म्हनूनच म्हंते. पल्याडच्या आळीतल्या लीलाबाईचं नाव खोडलं. तांब्याचा बंब बघितला अन् म्हनाले, तुमास्नी घराची नड न्हाई. त्ये गरिबाला घर देत्यात गं बाई! काढ, काढ सगळं."

मनुबाईने एका हातात कळशी आणि दुसऱ्यात तांब्या उचलला, पण न्यायचं कुठं? दाराशी टांगा थांबला. साळूबाईने घाबरून हातातली परातही मांडणीवरच टेकवली आणि मागच्या दारानं पळाली. गुणाची बाई, पण ऐन वेळी असंच करते.

चारुलताबाई वाकून आत आल्या. पांढरं लुगडं, नाकावर चष्मा, हातात कागद. त्यांनी ओलसर भिंत बघितली, गव्हाणीत रचलेली अंथरुणं बघितली, आणि मग नजर मांडणीवर गेली ती तिथंच राहिली.

"भांडी छान ठेवलीत हो. तुमचीच ना?"

नाही म्हणावं तर पाहुण्यांसमोर नाक कापलं जाणार. हो म्हणावं तर घर जाणार. मनुबाईची मान तिच्या आधीच हलली.

"व्हय. आमचीच की."

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग त्या मांडणीजवळ गेल्या आणि चष्मा सावरून वाकल्या.

"तुमच्या यजमानांचं नाव नाथाजी ना? मग हे कृष्णात कोण? आणि या पातेल्यावर बयाबाई?"

मनुबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्षरं म्हणजे नावं, हे काय तिला माहीत नव्हतं? लग्नात तिच्याही भांड्यांवर बापाने घातलेलीच होती. पण मांडायच्या नादात डोकं कुठं ठिकाणावर होतं! स्वतःच्या हातानं एकेक नाव तिने बाईंपुढं करून ठेवलं होतं.

"खोटं बोलले बाईसाहेब," ती म्हणाली. "माझं एक बी न्हाई त्यात. शेजारपाजारची हायती."

"मग आणलीत कशाला?"

"आवं, तुमी पावण्या. रिकामं घर दावायचं कसं?"

चारुलताबाईंनी लेखणीला टोपण लावलं. मनुबाईला ते टोपण लागल्याचा आवाज आला. संपलं, तिला वाटलं. आता नाथाजीला काय तोंड दाखवायचं?

"ही सगळी मागून आणली?"

"मागितली दोनच. बाकीची त्यांची त्यांनीच आनून ठिवली."

"इतकं पितळ! नड तर तुम्हाला आहेच. उद्या मोडीत घातलं असतं तर?"

"म्या?" मनुबाई एकदम ताठ झाली. भीतीबिती विसरून तिला चक्क राग आला. "घरात दाना नसला तरी न्हाई घालायची! लोकाची हायती ती."

चारुलताबाईंनी हातातला अर्ज उलगडला.

"ही ओळ कोरी का?"

"कुनी भरवसा देईना. लालासाहेब नको म्हनाले."

"आणि गल्लीतले?"

"त्यास्नी लिवता येत न्हाई, बाईसाहेब. अंगठं हायती नुसतं."

"चालतात की. मी दारोदार फिरून घेईन."

टोपण निघालं. बाई मांडणीपुढं उकिडव्या बसल्या आणि अर्ज गुडघ्यावर ठेवून, एकेक भांडं वाचत लिहू लागल्या. कृष्णात. बयाबाई. आप्पासो. मानसिंग. बनुबाई. त्या मोठ्यानं वाचत होत्या, आणि मनुबाईला एकेक नावासरशी ते ते माणूस दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं. ओळ दोन नावांची होती. ती भरली, मग समास भरला. बाईंनी कागद उलटा केला.

मनुबाईने डोळ्यांना पदर लावला.

"रडताय कसल्या?" चारुलताबाई मान वर न करता म्हणाल्या. "ती वरची परात जरा इकडं फिरवा. नाव भिंतीकडं गेलंय."