सकाळी सातचं पाणी

काटेकाकांना काटेकाका म्हणत ते आडनावामुळे नव्हे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, सातला येतो म्हणाला की सातला एक मिनिट कमी असताना दारात हजर. दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती, बायको जाऊन आठ महिने. आता कुणाच्या दारात जायचं नव्हतं, पण सवय काही सुटली नव्हती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकोची एक कुंडी होती. जाड दांडे आणि तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत, गडद हिरवी पानं. झाडाचं नाव विचाराल तर काकांना ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं ती कुंडी त्याच खिडकीत होती आणि ह्या गृहस्थाने एकदाही 'अगं, हे कसलं झाड?' म्हणून विचारलं नाही. घड्याळाच्या पोटातली केसाएवढी स्प्रिंग दिसायची त्यांना, नाकासमोरची कुंडी दिसायची नाही. आता काय बोलायचं!

बायको गेल्यावर मात्र त्यांनी त्या कुंडीचा असा काही ताबा घेतला की विचारू नका. रोज सकाळी सात वाजता एक कप पाणी. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. घड्याळाला रोज ठरल्या वेळी चावी दिली की ते कुरकुर करत नाही, हे काकांचं चाळीस वर्षांचं शास्त्र. मग झाडाने तरी का करावी? पाणी घालता घालता ते दोन शब्द बोलतसुद्धा. "आज गॅसवाला येणार आहे बरं का." "गुडघा ठणकतोय आज." दिवसभरात तोंड उघडायचं ते तेवढंच. त्या पाच मिनिटांसाठी काका पहाटे साडेपाचपासून डोळे उघडे ठेवून पडून असत.

आणि एके दिवशी एक दांडा पिवळा पडला. दोन दिवसांत आडवाच झाला. मग दुसरा. बायकोचं जिवंत असं एवढंच उरलं होतं घरात, आणि तेही आता आपल्या हातून जाणार! घाबरून त्यांनी संध्याकाळीही एक कप सुरू केला. तिसरा दांडा पडला.

त्यांनी मुलीला फोटो पाठवला. ती दुसऱ्या शहरात, नोकरी आणि दोन पोरं सांभाळून मेटाकुटीला आलेली. खाली लिहिलं, 'हे कसलं झाड आहे, आईने कधी सांगितलं होतं का?' चौथ्या दिवशी उत्तर आलं, 'छान.' मरायला टेकलेलं झाड, आणि म्हणे छान! काकांनी फोन पालथा ठेवला, कुंडी पिशवीत घातली आणि बस पकडून नर्सरी गाठली. सगळ्या वाटेत पिशवी मांडीवर.

नर्सरीवाली बाई कोपरापर्यंत मातीने माखलेली होती. कुंडी बघताच म्हणाली, "झेडझेड."

"हे काय नाव झालं? गाडीच्या पाटीवरचं वाटतंय."

"खरं नाव सांगितलं तर चक्कर येईल तुम्हाला. पाणी किती घालता?"

"रोज. सकाळी सातला, एक कप," काका ताठ होत म्हणाले. "ह्या आठवड्यात तर संध्याकाळीसुद्धा."

बाईने कपाळावर हात मारला, तर कपाळालाही माती लागली. तिने कुंडी उलटी केली. आंबूस वास सुटला. मुळांत बटाट्यांसारखे कंद होते. दोन तिच्या बोटांखाली पचकन फुटले, तीन टणक होते. "अहो काका, हे झाड पोटात पाणी साठवून ठेवतं. महिन्यातून एकदा विचारलंत तरी पुष्कळ. तुम्ही बुडवून मारताय ह्याला! काकू किती वेळा घालायच्या?"

"सकाळी सातला नळाचा आवाज यायचा," काका म्हणाले, "म्हणून मला वाटलं..." तो नळ बायकोने त्यांच्या चहासाठी सोडलेला असायचा, हे त्यांना आत्ता, त्या चिखलात उभं राहिल्यावर कळलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाईने सडलेलं कापून टाकलं, उरलेलं कोरड्या मातीत बसवलं. "वाचेल. पण महिनाभर थेंबसुद्धा नाही. अजिबात हात लावायचा नाही! खरं सांगू? चार दिवस मुलाबाळांकडे जाऊन या. तुम्ही घरात नसलात तर हे लवकर बरं होईल." ती हसली. काकाही हसले, बरं दिसावं म्हणून.

बाहेर एका पालथ्या पिंपावर बसून त्यांनी मुलीला फोन लावला.

"झाडाचं नाव कळलं बरं का."

"कुठलं झाड, बाबा?"

"काही नाही. म्हटलं, येऊ का चार दिवस तिकडे?"

पलीकडे भांडी वाजत होती, कुणीतरी रडत होतं. "आत्ता? बाबा, अहो आत्ता नुसती तारांबळ उडालीय इथे. पुढच्या महिन्यात बघू या का? तुम्ही बरे आहात ना? काही लागलं तर सांगा हं."

"छे छे, मला काय लागतंय," काका म्हणाले.

पोरगी वाईट नव्हती. फोन ठेवताना तिने दोनदा जपायला सांगितलं. पण काका तिथेच बसून राहिले. उद्या सात वाजणार होते. परवाही वाजणार होते. सातला उठून करायचं काय, ह्या विचाराने त्या म्हाताऱ्याला चक्क भीती वाटली, भर दुपारी, लख्ख उन्हात.

ते उठून परत आत गेले.

"ताई, रोज पाणी लागणारं काही आहे का?"

बाई बघतच राहिली. "इथे येणारा प्रत्येक जण कमी पाण्याचं द्या म्हणतो. वेळ नसतो म्हणे कुणाला." तिने हात पुसले आणि आतून नाजूक, झिपऱ्या पानांचा एक फर्न आणून समोर ठेवला. "हा घ्या. पण आधीच सांगते, महा नखरेल आहे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागेल. एक दिवस विसरलात तर मान टाकेल. एकट्याला सोडून कुठे जाता यायचं नाही तुम्हाला."

"करू दे नखरे," काका म्हणाले. "मी घरीच असतो."