उपासाचा रंग विटकरी

मित्रांनो, मी एक जुनी परीक्षानळी आहे. बोटाएवढी, काचेची, बूड काजळीने काळवंडलेलं. माझं काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा! पण माणसाच्या देहातली जी नवलं मी पाहिली, ती चांदीच्या पेल्यांच्याही नशिबी नसतात.

हावड्याच्या एका लहानशा कारखान्यात ज्योतीवर तापवून मला घडवलं. तिथून औषधांच्या दुकानात आले आणि १९७२च्या हिवाळ्यात कलकत्त्याच्या गार्डन रीच भागात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, श्यामसुंदर खांबेटे यांच्या घरी पोहोचले. रेल्वेतले हे अधिकारी नुकतेच हृदयविकाराच्या झटक्यातून वाचले होते. नवल म्हणजे, छातीत कळ आलीच नव्हती. दरदरून घाम फुटला, गळून गेल्यासारखं झालं, एवढंच. त्यांना मधुमेह होता, आणि मधुमेहात हृदयाचं दुखणं कधी कधी असं मुक्यानंच येतं म्हणे. एवढा मोठा घाव आणि हूं की चूं नाही! ऐकून मी थक्क झाले.

वरच्या मजल्यावरच्या बिमलबाबू दत्तांनाही त्याच आठवड्यात झटका आला होता. इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी, उपचारही सारखेच. पण बिमलबाबूंना मधुमेह नव्हता. थंडी सरेपर्यंत ते नदीच्या घाटापर्यंत फिरू लागले आणि रोज खिडकीपाशी येऊन हाक मारू लागले, "चलुन दादा, गंगार धारे!" म्हणजे, चला दादा, गंगेकाठी. श्यामसुंदरराव उठत, फाटकापर्यंत जात आणि धापा टाकत परतत. "माझं हृदय अजून रुसलंय," ते हसून म्हणत. मात्र घाटाकडे बघताना त्यांचा चेहरा उतरे.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर अशीच राहिली तर दुसरा झटका येईल आणि तो झेपणार नाही.

साखर सांगायची मी. रोज दुपारी माझ्यात निळं औषध घालायचं, लघवीचे काही थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, मग पिवळा, आणि फारच असेल तर विटकरी. हे काम श्यामसुंदररावांच्या पत्नी सुनीतीबाई करत. चिमट्यात धरून, तोंड वळवून! मला जागा न्हाणीघराच्या खिडकीत. स्वयंपाकघर आणि देवघर वर्ज्य.

पतीचं हृदय बरं व्हावं म्हणून बाईंनी सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी असे सगळे उपास धरले होते. स्वतःही आणि त्यांनाही धरायला लावले होते. आणि गंमत अशी, की नेमक्या उपासाच्या दिवशी मी विटकरी होई. इस्पितळातले डॉक्टर चक्रावले. त्यांनी गोळ्या वाढवल्या, तरी मी आपली विटकरीच.

एका रविवारी खांबेट्यांचे स्नेही, डॉक्टर श्रीधर मुंडले भेटायला आले. कलकत्त्यातच जन्मलेले मराठी गृहस्थ.

"काल काय खाल्लं होतं?" माझा कालचा विटकरी रंग ऐकून त्यांनी विचारलं.

"काही नाही हो, शनिवार होता. उपास," सुनीतीबाई म्हणाल्या.

"उपास म्हणजे काय काय, वहिनी?"

"साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, थोडा खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू. पण साखरेला हात लावला नाही हं. लाडू गुळाचे होते."

"हे इस्पितळात सांगितलंत?"

"उपवास करतात असं सांगितलं. ते तर खूश झाले."

"होणारच! बंगाली घरात उपवास म्हटला की उपाशी राहणं. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे त्यांना कोण सांगणार?" मग डॉक्टर गंभीर झाले. "वहिनी, माझ्याकडे मद्रासी येतात, मारवाडी येतात, बंगाली येतात. हृदयाची जखम सगळ्यांची सारखीच. पण साखर ज्याच्या त्याच्या ताटातून वेगळ्या वाटेनं येते. कुणाची भातातून, कुणाची संदेश-मिठाईतून, आपली उपासातून. साबुदाणा काय, रताळं काय, गूळ काय, पोटात गेल्यावर सगळी साखरच. आणि रक्तात साखर माजली की जखम लवकर भरत नाही."

सुनीतीबाईंनी लाडवांच्या डब्याकडे पाहिलं. "म्हणजे मीच माझ्या हातानं..."

"अगं, लाडू मीच मागून घेत होतो," श्यामसुंदरराव घाईनं म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले. "उपास माझे राहतील. तुम्ही मात्र जेवायचं."

पुढच्या सोमवारी त्या उपाशी राहिल्या आणि श्यामसुंदररावांना पोळी, पालेभाजी, मुगाची उसळ वाढली. मी पिवळी झाले. मग काही आठवड्यांनी हिरवी. आणि चैत्रातल्या एका सोमवारी औषध उकळलं, उकळतच राहिलं, पण निळंच राहिलं. बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. मला उजेडात धरून त्या ओरडल्या, "अहो, निळी! निळी!" माझ्या पोटात तेव्हा आभाळाचा तुकडा होता. ताटातला एक घास बदलतो आणि दूर छातीत दडलेली जखम भरू लागते, याचं आश्चर्य मला आजही वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर "काय खाल्लं?" एवढंच विचारून थांबू नका. "उपासाला काय खाल्लं?" हेही विचारा. माया करा, पण ती ताटात काय वाढते आहे, ते बघून करा.

पावसाळ्याआधी एका संध्याकाळी हाक आली, "चलुन दादा!" श्यामसुंदरराव बिमलबाबूंच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. फाटक आलं, मागे पडलं, तरी ते थांबले नाहीत. ते वळणाआड दिसेनासे होईपर्यंत सुनीतीबाई न्हाणीघराच्या खिडकीतून पाहत होत्या. मग त्यांनी मला घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं. कुणी पाहत नाही ना, याची खात्री केली आणि माझ्यासमोर हात जोडले.