कडेची खुर्ची

संपादकांनी पत्र तिच्यापुढे सरकवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. बापाबद्दलची तक्रार त्याच्याच लेकीच्या हातात द्यायची म्हटल्यावर नजर कुठेतरी ठेवायला लागतेच.

पत्र जुन्या थिएटरच्या मालकाचं होतं. गेल्या सहा महिन्यांत त्यांच्याकडे लागलेल्या अकराच्या अकरा सिनेमांना साप्ताहिकाच्या समीक्षकांनी झोडपलं होतं. हेच गृहस्थ गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या थिएटरात गेले की मात्र फुलं उधळतात, असं मालकांनी लिहिलं होतं. आणि खाली, ‘यामागे काय आहे ते आम्ही सांगायला नको.’

“बाबा कुणाकडून काही घेणारे नाहीत,” ती म्हणाली.

“मी कुठं तसं म्हटलं?” संपादक अजून खिडकीबाहेरच बघत होते. “पण दैनिकात समीक्षा लिहितात त्या टोपीवाल्यांचं वाच. तोच सिनेमा, तोच सकाळचा खेळ. ते लिहितात, संगीतानं अंगावर काटा आला. तुझे बाबा लिहितात, संगीत शेजारच्या घरात चालू असल्यासारखं वाटतं. दोघांतला एक जण खोटं बोलतोय, आणि टोपीवाल्यांविरुद्ध मला पत्र आलेलं नाही.”

“मग?”

“या शुक्रवारचं बघू. तेही तसलंच असलं तर सदर बंद. एकतीस वर्षं झाली म्हणून इतके दिवस गप्प बसलो.”

ती त्याच साप्ताहिकात मुद्रितं तपासायची. बाबांचं ‘कडेच्या खुर्चीतून’ हे सदर टाइप करायचं कामही तिच्याकडेच होतं, कारण त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाच्या बापाला लागलं नसतं. बाबा अंधारात लिहायचे. डाव्या हातात पुठ्ठ्याचं कार्ड, अंगठा ओळीवर ठेवलेला. ओळ झाली की अंगठा बोटभर खाली. सिनेमा रंगला की अंगठा सरकायचा राहून जाई आणि एका ओळीवर दुसरी चढे. गिचमिड जितकी जास्त तितका सिनेमा चांगला, हे तिला लहानपणापासून कळायचं.

गेल्या सहा महिन्यांतली जुन्या थिएटरची कार्डं तिनं त्या दिवशी पुन्हा काढून बघितली. एकेक ओळ सुटी, सरळ, मास्तरांच्या वहीसारखी. नव्या थिएटरच्या कार्डांवर मात्र कावळ्यांची शाळा भरलेली. म्हणजे लिहिताना तरी बाबा खोटं लिहीत नव्हते. की आधीच ठरवून जात होते, म्हणून अंगठा शुद्धीवर राहत होता? हा दुसरा विचार आला आणि जाईना.

घरी आल्यावर तिनं एक गोष्ट केली, जी तिनं आजवर कधी केली नव्हती. बाबा अंघोळीला गेल्यावर त्यांच्या उशाचं पुस्तक उघडलं. खुणेसाठी घातलेली नव्या थिएटरची अर्धी फाडलेली तिकिटं निघाली. तीन. तिन्ही मंगळवारची, आणि तिन्ही त्याच सिनेमांची, ज्यांना त्यांनी आदल्या शुक्रवारी जुन्या थिएटरात पाहून नावं ठेवली होती.

न आवडलेला सिनेमा माणूस चार दिवसांनी पुन्हा कशाला बघेल? सिनेमा बघायला जात नसेल तर तिथं कुणाला भेटायला जात असेल?

“आई, बाबा मंगळवारी कुठं जातात गं?”

आई शेंगा सोलत होती. “वाचनालयात.”

“मंगळवारी?”

“मंगळवारी वाचनालय बंद असतं, हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.”

“मग विचारलं नाहीस?”

“विचारलं की खरं सांगतील. म्हणून नाही विचारलं.” आईनं टरफलं ताटलीत लोटली. “तीन महिने झाले, जेवताना बोलत नाहीत. आधी सिनेमावर इतकं बोलायचे की आमटी थंड व्हायची. तूच बघ काय ते. तू त्यांची लाडकी. मी बघितलं तर संशय घेतला म्हणतील.”

शुक्रवारी सकाळी ती बाबांबरोबर निघाली. “मलाही बघायचाय,” एवढंच सांगितलं. बाबांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. त्यांनी विचारलं नाही, याचाही तिला संशय आला.

जुन्या थिएटरात सकाळच्या खेळाला मोजून वीस डोकी. बाबा सवयीनं डावीकडच्या भिंतीलगतच्या शेवटच्या खुर्चीत बसले. उजव्या भिंतीलगत, अगदी दुसऱ्या टोकाला, टोपीवाले. बारा वर्षांपूर्वी ते बाबांच्या पुढच्याच खुर्चीत बसले होते आणि बाबांनी भर थिएटरात म्हटलं होतं, “साहेब, टोपी काढा, नायिका दिसत नाही.” टोपीवाले म्हणाले होते, “तुम्हाला दिसून तरी काय कळणार आहे?” तेव्हापासून एक डावीकडे, एक उजवीकडे. बोलणं बंद. गावात दोघांच्या खुर्च्यांना नावं पडली होती, सासर आणि माहेर. कुठली कुठली, यावर मात्र एकमत नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. ती पडद्यापेक्षा बाबांकडेच बघत होती. कुणी येऊन शेजारी बसतंय का, चिठ्ठी देतंय का. कुणी आलं नाही. अंगठा ओळीओळीनं, हिशेबात खाली सरकत होता. आणि खरं सांगायचं तर सिनेमाही तसाच होता. माणसं बोलत होती ते कळत होतं, पण गाणं लागलं की ते कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं येई. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणजे टोपीवाले खोटे? त्यांना मालकानं गाठलं असेल?

मध्यंतराच्या आधीच ती पाणी प्यायला बाहेर आली. दाराशी डोअरकीपर स्टुलावर बसला होता.

“काय ताई, झोप आली?”

“आवाज कमी ठेवता का हो?”

“लोक म्हणतात तसं. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, कान साफ करून यायला सांग.” त्यानं पाय मोकळे केले. “त्या दारानं जा आत, हे करकरतं.”

ते दुसरं दार उजवीकडे उघडत होतं. आत पाऊल टाकलं आणि ती थबकली. तेच गाणं चालू होतं. पण इथं ते छातीत वाजत होतं. व्हायोलिनं होती. मागं बायकांचा कोरस होता, जो तिकडे नव्हताच. तिला आधी वाटलं, आपल्यालाच काहीतरी होतंय. ती मागच्या रांगेतून डावीकडे चालत गेली. मधोमध आल्यावर कोरस विरला, पुढे व्हायोलिनं गेली, आणि बाबांच्या खुर्चीमागं फक्त ताल उरला.

तिनं डाव्या भिंतीवर हात फिरवला. ओल आली होती म्हणून सहा महिन्यांपूर्वी ही भिंत खरवडून नवा गिलावा केला होता. बाबांनीच तेव्हा लिहिलं होतं, की थिएटरला चुन्याचा वास येतो. भिंतीवर स्पीकर दिमाखात टांगलेले होते. तिनं खुर्चीवर चढून एकाला कान लावला. आतून काहीच येत नव्हतं. गिलाव्याच्या वेळी उतरवले ते तारा न जोडताच परत टांगले असणार.

“बाबा, उठा. तिकडे चला.”

“कुठं?”

“उजवीकडे.”

“त्या टोपीमागं? मेलो तरी नाही.”

“पाचच मिनिटं. मग म्हणाल ते.”

ते आले. टोपीवाल्यांच्या मागच्या खुर्चीत अवघडून टेकले, कार्ड पुढे धरलं. पडद्यावर म्हातारा शेतातून चालत होता, आणि त्याच्या पावलांमागून संगीत हळूहळू उठत गेलं. बाबांचा अंगठा एका ओळीवर थांबला. तिथंच राहिला.

पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले, “मला वाटलं, मी संपलो.”

“म्हणून मंगळवारी नव्या थिएटरात?”

“शुक्रवारी जो सिनेमा मेलेला वाटायचा, तो मंगळवारी तिथं जिवंत व्हायचा. तीनदा झालं असं. ज्याचं मत चार दिवसांत फिरतं त्यानं लिहू नये.” त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “आज हे देणार होतो तुझ्या संपादकांना. कानांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. कान उत्तम आहेत म्हणाले. मग राहिलं काय? डोकं.”

तिला त्या तीन तिकिटांची लाज वाटली.

पुढच्या खुर्चीत हालचाल झाली. टोपीवाल्यांनी, मान न वळवता, टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या आठवड्याचं सदर तिनं टाइप केलं तेव्हा ओळींवर ओळी चढलेल्या होत्या. बाबांनी अकरा सिनेमांची नावं लिहून त्या सगळ्यांची माफी मागितली होती. ‘मी सहा महिने अर्धे सिनेमे ऐकून पुरी मतं दिली. खुर्ची बदलायचं सुचलं नाही, कारण त्या बाजूला माझा राग बसला होता.’

संपादकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आणि हे लिहून द्यायला,” ते हळूच म्हणाले, “त्या मालकानं काय कबूल केलं?”

तिला राग यायला हवा होता. पण बाबांच्या उशाचं पुस्तक तिनंही उघडलं होतं.

“उद्या सकाळच्या खेळाला जा,” ती म्हणाली. “आधी डावीकडे बसा.”