घडी नसलेले पाच कागद

मी तक्रारपेटी बोलतेय. पण माझ्यावर लगेच भरवसा ठेवू नका. मी स्वतःसुद्धा ठेवत नाही.

तळोज्याच्या एका शेडमध्ये १९७९ साली उरल्यासुरल्या पत्र्यातून मला जोडलं. हिरवा रंग दिला, डोक्यावर बोटभर लांबीची फट पाडली, पाठीला कुलूपबंद दार बसवलं. नव्या वसाहतीच्या एका कार्यालयात मला टांगलं आणि खाली लिहिलं, ‘नागरिकांनो, आपले मत येथे टाका.’

फ्लॅटवाले आले. लिफ्ट बंद, दिवे बंद. मग आसपासच्या गावचे लोक आले. ज्यांच्या शेतांवर ही वसाहत उठत होती ते. आत टाकण्याआधी ते कागदाच्या चार-चार घड्या घालत आणि इकडेतिकडे बघत. जणू मी चुगली करणार होते!

खाडीकाठच्या गावातल्या चांगुणाबाई तीनदा आल्या. सुनेकडून लिहून घेतलेला एकच अर्ज : रस्त्यासाठी आमची गोड्या पाण्याची विहीर बुजवू नका. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्यावर थाप मारली. “पोट हाय का नुसता तोंड?”

पोट होतं, पण चार वर्षांत माझं दार एकदाही उघडलं नव्हतं.

१९८३ मध्ये ते उघडलं. टांझानियातून पाहुणे येणार होते, लोकांना कारभारात कसं घेतात ते बघायला. आदल्या दुपारी मधुकर कारकुनानं माझ्यातला सगळा गठ्ठा काढून गोणीत भरला आणि पाच नवे करकरीत कागद आत ठेवले. पाचही त्यानंच लिहिलेले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या साहेबांनी पाहुण्यांसमोर मला उघडलं. सरोजिनी टायपिस्ट दुभाषी म्हणून उभी होती. तिनं वाचलं, ‘पाणी मुबलक आहे. आभारी आहोत.’ दुसरा, तिसरा, सगळे आभारीच.

पाहुण्यांत म्वाजुमा नावाच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या फटीत बोट घातलं, मग कागद उजेडात धरला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. साहेब खोकले. सरोजिनीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट मराठीत सांगितलं, “बाई विचारतायत, फट एवढीशी आहे. मग घडी न घालता कागद आत गेले कसे?”

पाहुणे बघायला दारात गर्दी जमली होती. तिच्यातून चांगुणाबाई पुढे झाल्या. “माजा कागद कुठं हाय? तीन येला टाकलाय!”

मधुकर म्हणाला, “मावशी, नंतर या.”

“नाय. आताच.”

म्वाजुमाबाईंनी सगळं समजून घेतलं. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे दहा घरांमागे एक पुढारी असतो. तो आमचं वर सांगतो, वरचं आम्हाला सांगतो. लोक आधी विचारतात, हा नक्की कुणाचा, आमचा की वरच्यांचा?” सरोजिनीनं एक शब्दही गाळला नाही.

लाजेकाजेस्तव साहेब तिसऱ्या दिवशी गावात गेले. काय झालं ते मला सरोजिनीच्या बोलण्यातून कळलं. नकाशा पसरला, तर त्यावर विहीरच नव्हती! चांगुणाबाईंनी साहेबांना विहिरीच्या काठावर उभं केलं, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, “आता काडा इथं गोल.” साहेबांनी काढला. रस्ता वीस पावलं सरकला. विहीर वाचली.

सरोजिनीची मात्र महिनाभरात दुसऱ्या कचेरीत बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर गावातल्या कुणीही माझ्यात कागद टाकला नाही. ते टेबलाशी जातात, शिक्का मारलेली पोच मागतात, मिळेपर्यंत हलत नाहीत. आता १९८८ आहे. मी जिन्याखाली गंजतेय आणि माझ्या जागी चकचकीत स्टीलची पेटी आली आहे.

ती दिसायला माझ्याहून छान आहे. म्हणूनच सांगते, तिच्यात काही टाकाल तर तिथेच थांबा. विचारा, ही उघडणार कधी, आणि कुणासमोर?