मंचावरच्या खुर्च्या

कुउसिलाम्पीच्या नगरभवनात त्या दिवशी जे झालं, त्याला पेत्राचा चांगुलपणा कारणीभूत. पेत्रा नगरपालिकेत नवी लागलेली, गोरी, मनानं सरळ पोर. तिनं कुणाला न विचारता गावातल्या रोमा, म्हणजे पूर्वी भटकं जिणं जगणाऱ्या, जमातीच्या पाच म्हाताऱ्या बायाबाप्यांना फोन करून सभेला बोलावलं आणि मान म्हणून पहिली रांग त्यांच्यासाठी राखून ठेवली. पहिली रांग म्हणजे मंचाच्या अगदी पायाशी.

सायमी हागर्ट दारातून आत शिरली आणि पाचही पांढरी डोकी पाहून जागीच थबकली. सायमी स्वतः रोमा, शाळेत मदतनीस. गेली वीस वर्षं ती गावातल्या रोमा पोरींच्या हात धुऊन मागे लागली होती. शाळा सोडू नका, कचेरीत मान खाली घालू नका, बोला. पोरी बोलायला लाजल्या की ही स्वतःच बोलून मोकळी व्हायची, हा तिचा दोष. पण तो तिला कुणी दाखवला नव्हता, कारण तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

आज मात्र बोलायचं होतं ताबिताला. ताबिता ब्लोमेरुस, वय एकोणीस, वृद्धांची शुश्रूषा शिकत होती. अभ्यासात कुठं कमी नव्हती, पण वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि तिला कुणी कामावर घेत नव्हतं. अडचण होती घागऱ्याची. वसंतात तिनं काळ्या मखमलीचा जड घागरा अंगावर चढवला होता, आणि रोमा बाईनं तो एकदा घातला की जन्मभर घातला. वृद्धाश्रमवाले हसतमुखानं सांगत, "कपडे बदलून या, मग बघू." नगरपालिकेच्या सगळ्या वृद्धाश्रमांच्या प्रमुख किर्स्ती वुओरेला आज तिचं ऐकून घेणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं की शिक्षण तिथंच संपलं. ताबिताचंही आणि तिच्यामागून येणाऱ्या पोरींचंही.

महिनाभर सायमीनं तिच्याकडून भाषण घोटून घेतलं होतं. मंचावर कसं चढायचं, कुठं थांबायचं, वुओरेलाबाईंच्या डोळ्यांत कसं बघायचं, सगळं. म्हातारे येतील हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं.

रोमांची रीत अशी, की घागरा घातलेल्या बाईनं वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर, त्यांच्यापेक्षा उंच जागी, जायचं नाही. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणंसुद्धा वाईट. सायमीच्या आईनं त्यापायी दोनदा घर बदललं होतं. मंच त्यात धरायचा की नाही, यावर चार रोमांची पाच मतं. पण रांगेच्या मधोमध ताबिताचे आजोबा वाल्फ्रिद बसले होते आणि मंचही त्यात धरायचा हे त्यांचं मत सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिवाय नातीनं परक्यांची अंगं पुसावीत हेही त्यांना पटलेलं नव्हतं. ते नाही म्हणाले नव्हते. हो मात्र एकदाही म्हणाले नव्हते.

पेत्रानं नाव पुकारलं. ताबिता उठली, मंचाच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि थांबली.

"घाबरली बिचारी," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"ये ना, ये," पेत्रा वरून गोड हसत म्हणाली. "इथं कुणी खात नाही तुला!"

सायमी लगबगीनं तिच्याजवळ पोचली. "चढ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आजच्या दिवस चालतं. मी बघते त्यांच्याकडे."

"तू काय बघणार, मावशी? ते तुझ्याकडे बघतायत."

"मग मी बोलते. दे इकडे."

हे म्हणताना सायमीचा हात पुढे झालासुद्धा. खोटं कशाला बोला, तिला थोडं बरंही वाटलं. भाषण तिचंच तर होतं.

ताबितानं कागद दिला नाही. तो तिनं घडी घालून कमरेत खोचला आणि ती सरळ आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही सगळे वर बसाल का? मी खाली उभी राहून बोलेन."

वाल्फ्रिदनी काठीवरचे हात हलवले नाहीत. "मी वर कशाला? मी काय पाद्री आहे?"

"नाही. पण मी एकटी बोलले तर ते म्हणतील, पोरगी हट्टी आहे. तुम्ही माझ्यामागे बसलात तर तसं म्हणता येणार नाही."

सायमीला हे पटेना. इतक्या गोऱ्या परक्यांसमोर म्हाताऱ्याला असं कोंडीत पकडायचं? नाही म्हणाला की संपलंच. वृद्धाश्रमही गेला आणि घरही. आपण असतो तर चार गोड शब्दांत वेळ मारून नेली असती, असं तिला वाटलं. पण या पोरीनं सगळं एकाच डावावर लावलं होतं, आणि तेही भर सभेत.

म्हातारा काठी टेकून उठला. "खुर्च्या चढवा," तो म्हणाला. "उभ्यानं ऐकणार नाही मी."

मग एकच गडबड उडाली. पेत्राला काही कळेना, पण खुर्च्या उचलण्यात तीच सगळ्यांच्या पुढे होती. पाचही म्हातारे एकमेकांना सावरत, पायऱ्यांना नावं ठेवत वर जाऊन बसले. सायमी नेहमीसारखी ताबिताच्या कोपराशी उभी राहिली. चुकली तर पुढचा शब्द सांगायला.

"मावशी, तूपण वर."

"मी? मी कशाला? मी काय म्हातारी झाले?"

"माझ्यापेक्षा मोठी आहेस ना? मग."

सायमीला हे अगदी जिव्हारी लागलं. पण खोटं नव्हतं, आणि सगळे बघत होते. ती वर गेली आणि कडेच्या खुर्चीवर बसली. तिथून ताबिताची नुसती पाठ दिसत होती. पुढचा शब्द सांगायची काही सोय नव्हती.

ताबितानं पाठ केलेलं एकही वाक्य वापरलं नाही. वृद्धाश्रमाच्या गणवेशाच्याच कापडाचा, उकळत्या पाण्यात धुता येणारा, घोट्यापर्यंतचा साधा घागरा तिनं स्वतः शिवला होता, तो हातात धरून दाखवला. "कामावर हा घालीन," म्हणाली. "मखमल घरी."

"आणि आमची म्हातारी माणसं तुला बघून घाबरली तर?" दुसऱ्या रांगेतून वुओरेलाबाईंनी विचारलं. प्रश्न कडू होता, पण प्रामाणिक होता.

"घाबरतील. एक-दोन दिवस. मग कॉफी मागतील."

मागच्या रांगांत हसू फुटलं. वुओरेलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि ताबिताच्या डोक्यावरून मंचाकडे पाहिलं. इतकी वर्षं जिच्याशी बोलायची सवय होती, तिच्याकडे.

"सायमी, तुम्ही सांगा. हिला जमेल?"

उत्तर सायमीच्या जिभेवर तयार होतं. असं खणखणीत, दाखल्यांसकट, वीस वर्षांच्या सरावाचं. तिनं तोंडही उघडलं. मग खाली उभ्या पोरीची पाठ तिला दिसली. ती वळली नव्हती. मदतीसाठी मागे बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला काय विचारता, बाई?" सायमी म्हणाली. "ती तुमच्या समोर उभी आहे."

वुओरेलाबाईंनी चष्मा परत लावला. "जमेल?" त्यांनी ताबिताला विचारलं.

"जमेल."

"मग सोमवारी ये. सकाळी सहाला."

"सहाला?" मंचावरून वाल्फ्रिद कडाडले. "आमची पोर सहाला येईल हो, पण इतक्या पहाटे म्हाताऱ्यांना उठवणारे तुम्ही कोण?"

सगळं सभागृह हसलं. ताबिताचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते मंचावरून कळत नव्हतं. सायमीला धावत खाली जावंसं वाटलं. पण शेजारच्या म्हातारीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि ती बसून राहिली.